मांजरीच्या पिल्लांमधील छातीच्या जन्मजात विकृती: ओळख, उपचार आणि शस्त्रक्रियेनंतरची देखभाल

मांजरीच्या पिल्लांच्या छातीच्या सांगाड्यात जन्मतःच असणाऱ्या किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दिसू लागणाऱ्या विकृतींपैकी दोन विकृतींशी पिल्ले वाढवणाऱ्यांचा आणि पशुवैद्यांचा संबंध सर्वाधिक येतो. पहिली खोलगट छाती, म्हणजे उरोस्थीचा (छातीच्या मधोमध असलेल्या हाडाचा) पोटाकडचा भाग आणि त्याला जोडलेल्या बरगड्यांच्या कूर्चा (टोकांकडचे मऊ, लवचीक भाग) आत, पाठीच्या कण्याच्या दिशेने ओढल्या जाणे. दुसरी चपटी छाती, म्हणजे संपूर्ण छाती वरून आणि खालून दाबल्यासारखी सपाट होणे. दोन्हींत छातीची उंची कमी होते, दोन्हींत पिल्लाला दम लागू शकतो आणि वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. उपचार मात्र पूर्णपणे वेगळे आहेत. चपट्या छातीला ज्या पट्ट्याचा आधार मिळतो तोच पट्टा खोलगट छातीवर निरुपयोगी ठरतो आणि चुकीचा बसला तर खड्डा आणखी खोल करतो. म्हणून या लेखात आधी नेमकी ओळख, मग पिल्लाला जगवण्याची कामे आणि त्यानंतर पट्टा किंवा शस्त्रक्रिया असा क्रम ठेवला आहे. हा क्रम उलटा करणे, म्हणजे पिल्लाचे दूध आणि ऊब यांकडे दुर्लक्ष करून छातीचा आकार सुधारण्याच्या मागे लागणे, हे या विषयात सर्रास घडते आणि ते पिल्लाच्या जिवावर बेतते.

हाताने आणि डोळ्यांनी तपासणी

मांजराला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात आणि त्यांपैकी पहिल्या ९ जोड्या कूर्चांच्या साहाय्याने थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात. निरोगी पिल्लाची छाती आडव्या छेदात साधारण लंबगोल असते. बाजूने हात फिरवला तर पाठीपासून पोटापर्यंत एक सलग, गोलसर उतार लागतो. तपासताना पिल्लू पालथे, तळहातावर ठेवावे, अंगठा एका बाजूला आणि बाकीची बोटे दुसऱ्या बाजूला ठेवून दाब न देता बरगड्यांवरून बोटे खाली न्यावीत. चपट्या छातीत बरगडी जिथे कूर्चेला मिळते तिथे गोलाई अचानक मोडते आणि छातीच्या दोन्ही बाजूंनी लांबवर जाणारी एक स्पष्ट कड बोटाला लागते. तिच्या खाली छातीचा तळ जवळजवळ सपाट असतो. खोलगट छातीत अशी कड नसते. तिथे बोटाचे टोक उरोस्थीवरून गळ्याकडून पोटाकडे नेत असताना छातीच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागात ते खड्ड्यात उतरते, आणि श्वास आत घेताना तो खड्डा आणखी खोल होताना दिसतो. काही पिल्लांत दोन्ही गोष्टी एकत्र असतात, शिवाय पाठीच्या कण्याला बाकही असतो. अशा पिल्लाचे निदान हातावर न सोडता एक्स-रेवरच करावे.

काळाचाही पुरावा घ्यावा. चपटी छाती बहुतेक वेळा जन्मतः नसते. ती पहिल्या दहाएक दिवसांत, कधी कधी एका रात्रीत, दिसू लागते. खोलगट छाती जन्मापासून असते, पण पिल्लू लहान आणि गुबगुबीत असेपर्यंत लक्षात येत नाही आणि दूध सुटून ते खेळू-धावू लागले की धाप लागणे, भावंडांपेक्षा लवकर बसून जाणे, वाढ खुंटणे किंवा पुन्हा पुन्हा होणारा छातीचा संसर्ग यांमुळे समोर येते. बर्मीज आणि बेंगाल या जातींमध्ये या विकृती इतरांपेक्षा जास्त आढळल्या आहेत आणि एकाच वंशातल्या अनेक पिल्लांत त्या दिसल्याने आनुवंशिकतेचा हात स्पष्ट आहे, तरीही मिश्र जातीच्या साध्या घरगुती मांजरांतही त्या होतात.

खोलगट छातीच्या कारणांबाबत श्वासपटलाचा (छाती आणि पोट यांच्यामधील स्नायूंच्या पडद्याचा) मध्यभागी असलेला कण्डरामय, म्हणजे दोरीसारखा चिवट, भाग आखूड असणे, श्वासपटलाच्या पुढच्या भागातील स्नायू नीट न घडणे, गर्भाशयातील दाब आणि वरच्या श्वासमार्गातील दीर्घकाळचा अडथळा अशा अनेक उपपत्ती मांडल्या गेल्या आहेत. शेवटच्या उपपत्तीला व्यवहारात महत्त्व आहे, कारण नाक किंवा घसा चोंदलेले पिल्लू प्रत्येक श्वासाला जोर लावते आणि मऊ उरोस्थी त्या ओढीने आत जात राहते. त्यामुळे खड्ड्याकडे पाहताना नाकपुड्या, टाळू आणि घसा तपासायला विसरू नये.

पहिले काम: ऊब, दूध आणि वजनकाटा

निदान कोणतेही असो, तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला त्या दिवशी सर्वांत आधी गरज असते ती उबेची आणि पोटभर दुधाची. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचे तापमान राखता येत नाही. त्याच्या भोवतीची हवा २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावी. त्याचे स्वतःचे तापमान या काळात साधारण ३५ ते ३७ अंश असते आणि ३५ अंशांच्या खाली गेलेल्या पिल्लाला दूध पाजू नये, कारण गारठलेल्या पिल्लाचे आतडे काम करीत नाही आणि दूध पोटात साचते किंवा उलटून फुफ्फुसात जाते. आधी हळूहळू, तासाभरात ऊब द्यावी, मग दूध.

एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेला स्वयंपाकघरातील वजनकाटा हे या आजारातील सर्वांत मोलाचे उपकरण आहे, आणि हे मी एक्स-रे यंत्रालाही जमेस धरून म्हणतो आहे. पिल्लू जन्मतः साधारण ९० ते ११० ग्रॅम असते आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढते. सपाट छातीच्या पिल्लाचे वजन सकाळी आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, दूध पिण्याच्या आधी घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे. सलग २४ तास वजन वाढले नाही तर पूरक दूध सुरू करावे. वजन घटले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उलट, छाती बोटाला अगदी सपाट लागत असूनही पिल्लू रोज १२ ग्रॅम वाढत असेल, तर त्याला कोणतेही साधन न बांधता केवळ निरीक्षणाखाली ठेवणे हाच बहुधा योग्य निर्णय असतो, कारण सौम्य चपटी छाती पिल्लू उठून चालू लागल्यावर पुष्कळदा आपोआप गोल होत जाते.

दम लागलेले पिल्लू दूध कसे पिते हे एकदा नीट पाहावे. ते आचळ पकडते, दोन-चार घोट घेते, मग श्वासासाठी सोडून मान मागे टाकते, आणि तेवढ्यात धष्टपुष्ट भावंड त्याला ढकलून ते आचळ घेते. दूध आईला भरपूर आहे आणि पिल्लू दिवसभर आचळाशीच असते, तरी ते उपाशी राहते, ते असे. उपाय साधा आहे: बाकीच्या पिल्लांना दर काही तासांनी अर्धा तास उबदार टोपलीत बाजूला ठेवावे आणि या पिल्लाला आईजवळ एकटे सोडावे. पूरक दूध द्यायचे असल्यास मांजरांच्या पिल्लांसाठी तयार मिळणारी दूध पावडरच वापरावी; गाईच्या दुधाने जुलाब होतात आणि त्यात पिल्लाला पुरेशी प्रथिने व स्निग्धांश मिळत नाहीत. नवजात पिल्लाच्या पोटात एका वेळी १०० ग्रॅम वजनामागे सुमारे ४ मिलिलिटरच दूध सुखाने मावते, म्हणून थोडे थोडे, दर दोन ते तीन तासांनी पाजावे. पिल्लू नेहमी पालथे धरावे; माणसाच्या बाळाप्रमाणे उताणे धरून पाजलेले दूध श्वासनलिकेत जाते. चोखण्याची ताकद उरली नसेल तर नळीने दूध देता येते, परंतु नळी चुकून फुफ्फुसात जाऊ नये म्हणून ते डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकूनच करावे.

पिल्लू ठेवण्याची जागा घसरडी नसावी. चपट्या छातीच्या काही पिल्लांचे पाय बेडकासारखे दोन्ही बाजूंना पसरतात आणि ते पोटावर सरपटत राहते. सतत छातीवर पडून राहिल्याने सपाटपणा वाढतो. जाड टॉवेल किंवा लोकरी कापड अंथरावे, झोपलेल्या पिल्लाला अलगद कुशीवर वळवावे आणि गुंडाळलेल्या मऊ कापडाचा टेकू पाठीशी द्यावा.

चपट्या छातीसाठी पट्टा: केव्हा आणि कसा

पट्टा, म्हणजे छातीभोवतीचे हलके, अर्धवट कडक आवरण, हा उपाय ब्रीडर आणि पशुवैद्य यांच्या अनुभवातून रूढ झाला आहे. तो कोणत्या पिल्लाला लावायचा याबाबत माझे मत काटेकोर आहे: छाती स्पष्टपणे सपाट आहे, बाजूची कड लागते, वजन अडले आहे किंवा श्वास कष्टाचा आहे, आणि तरीही पिल्लू हाताळणी सहन करण्याइतके ताजेतवाने आहे, अशा पिल्लालाच. तोंड उघडून श्वास घेणाऱ्या, निळसर हिरड्यांच्या पिल्लाला घरी पट्टा बांधत बसू नये. त्याला ऑक्सिजन हवा असतो.

पट्ट्याचे तत्त्व समजून घेतले तर तो बनवणे अवघड नाही. छाती रुंद आणि उथळ झाली आहे. तिला अरुंद आणि खोल करायचे आहे. म्हणून दाब फक्त दोन्ही बाजूंच्या कडांवर, आतल्या दिशेने आणि अत्यंत हलका असावा, आणि पाठ व उरोस्थी या दोन्ही ठिकाणी मोकळी जागा राहावी, जेणेकरून छातीला वर आणि खाली फुगायला वाव मिळेल. सरसकट गोल गुंडाळलेले बँडेज हे काम करीत नाही. ते चारही बाजूंनी आवळते आणि श्वास कोंडते. हलक्या प्लास्टिकची किंवा पुठ्ठ्याची नळी घेऊन तिला लंबगोल आकार द्यावा, असा की ती रुंदीपेक्षा उंचीला किंचित जास्त असेल. लांबी काखेच्या मागून सुरू होऊन शेवटच्या बरगड्यांच्या पुढे संपेल एवढीच ठेवावी, कारण एवढी लहान पिल्ले श्वासासाठी पोटाची हालचाल मोठ्या प्रमाणात वापरतात आणि दूध प्यायल्यावर पोट फुगते. पुढच्या दोन्ही पायांसाठी खोल खाचा कापाव्यात. सर्व कडा मऊ कापड किंवा कापसाच्या थराने झाकून वरून चिकटपट्टी लावावी, आणि आतल्या बाजूला फक्त दोन्ही कडांच्या जागी पातळ गादी ठेवावी. नळी पाठीच्या रेषेवर उभी चिरून ठेवली तर ती घालता-काढता येते आणि पिल्लू वाढले की थोडी उघडून पुन्हा बांधता येते.

पहिल्यांदा पट्टा घातल्यावर पिल्लू बहुधा निपचित पडते किंवा मागे-मागे सरकते. या काळात त्याच्यावरून नजर हलवू नये. १५ ते २० मिनिटे श्वास मोजत बसावे. शांत पडलेल्या नवजात पिल्लाचा श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३५ असतो. पट्टा घातल्यावर श्वास वाढला, मान ताणली गेली किंवा पिल्लू ओरडत राहिले तर पट्टा काढावा आणि तो सैल करून किंवा आकार बदलून पुन्हा पाहावे. श्वास संथ झाला आणि पिल्लू आचळ जास्त वेळ धरून ठेवू लागले तर पट्टा योग्य बसला आहे. दिवसातून किमान दोनदा तो उघडून काखेतली कातडी पाहावी, कारण पहिला व्रण नेहमी तिथेच, खाचेच्या मागच्या कडेवर पडतो: आधी केस ओले दिसतात, मग लालसर रेघ उमटते. ओले केस दिसले त्याच वेळी खाच आणखी खोल कापली तर पुढचे टळते. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाची लघवी-शी आईच्या चाटण्यावर अवलंबून असते, म्हणून पट्टा मागे सरकून पोटाखाली येत नाही ना हेही पाहावे. आई पट्ट्याला बिचकत असेल तर तो तिच्या अंथरुणातल्या कापडाने गुंडाळावा.

रोज वाढणाऱ्या पिल्लाला तीन-चार दिवसांपूर्वीचा पट्टा घट्ट होतो, त्यामुळे दर काही दिवसांनी नवे माप घ्यावे लागते. कडा बोटाला लागेनाशा झाल्या आणि पट्टा काढून ठेवल्यावर दुसऱ्या दिवशीही छाती गोल राहिली की तो बंद करावा.

एक्स-रे आणि मोजमाप

खोलगट छातीची शंका असेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी फोन करून दम लागलेले पिल्लू येत असल्याचे सांगावे, म्हणजे ऑक्सिजनची तयारी राहते. पिल्लाला उबदार पेटीत, पालथे राहू देऊन न्यावे. तिथे एक्स-रे दोन काढावे लागतात, एक बाजूने आणि एक पालथे ठेवून वरून. दम लागलेल्या पिल्लाला उताणे करून एक्स-रे काढण्याचा आग्रह धरू नये. त्या स्थितीत आधीच दबलेली फुफ्फुसे आणखी दबतात.

मोजमापासाठी दोन निर्देशांक वापरले जातात. पहिल्यात, दहाव्या वक्षमणक्याच्या पातळीवर छातीची रुंदी मोजतात आणि तिला दहाव्या मणक्याच्या, किंवा विकृतीच्या सर्वांत जवळ असलेल्या मणक्याच्या, खालच्या पृष्ठभागापासून उरोस्थीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंतच्या अंतराने भागतात. निरोगी मांजरात हा आकडा ०.७ ते १.३ असतो, २.० पर्यंत विकृती सौम्य, २.० ते ३.० मध्यम आणि ३.० च्या वर तीव्र मानतात. दुसऱ्यात, त्याच मणक्याच्या वरच्या पृष्ठभागापासून उरोस्थीपर्यंतचे अंतर त्या मणक्याच्या उंचीने भागतात. निरोगी मांजरात तो १२.६ ते १८.८ असतो, ९ च्या वर सौम्य, ६ ते ९ मध्यम आणि ६ च्या खाली तीव्र. उदाहरणार्थ, छातीची रुंदी ५० मिलिमीटर, मणक्याच्या खालून उरोस्थीपर्यंत २० मिलिमीटर आणि मणक्याची उंची ३.५ मिलिमीटर असेल, तर पहिला निर्देशांक २.५ आणि दुसरा सुमारे ६.७ येतो, दोन्ही मध्यम विकृती दाखवतात.

हे आकडे उपचारापूर्वीची आणि नंतरची तुलना करायला उत्तम आहेत. पिल्लाला किती त्रास आहे हे मात्र त्यांवरून सांगता येत नाही: तीव्र आकडा असलेले पिल्लू मजेत उड्या मारताना आणि मध्यम आकड्याचे पिल्लू दोन पायऱ्यांत दमताना दिसते. केवळ आकड्यावरून शस्त्रक्रिया ठरवणे मला मान्य नाही.

हृदयाकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. आत आलेली उरोस्थी हृदयाला बाजूला, बहुधा डावीकडे ढकलते आणि त्यामुळे स्टेथोस्कोपमध्ये मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबतची जादा घरघर, ऐकू येऊ शकते, जी छाती सरळ झाल्यावर नाहीशीही होते. परंतु जन्मजात हृदयविकार सोबत असण्याची शक्यता खरी असल्यामुळे, भूल देण्याआधी हृदयाची सोनोग्राफी करून दोन्हींमध्ये फरक करणे आवश्यक आहे. एक्स-रेवर हृदय सरकल्यामुळे मोठे दिसते, म्हणून केवळ एक्स-रेवरून हृदय वाढले आहे असा निष्कर्ष काढू नये. फुफ्फुसात संसर्ग आढळला तर शक्य तेथे तो आधी आटोक्यात आणावा.

थांबायचे की शस्त्रक्रिया करायची

सौम्य खड्डा आणि कोणताही त्रास नाही, अशा पिल्लाला दर दोन ते तीन आठवड्यांनी तपासणे पुरेसे आहे. काही डॉक्टर अशा पिल्लांची छाती दिवसातून अनेकदा दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच दाबायला सांगतात. अगदी कोवळ्या, लवचीक छातीत याने नुकसान होत नाही, पण मध्यम किंवा तीव्र विकृतीत त्यावर विसंबून आठवडे घालवू नयेत. कारण आठवड्यांना इथे किंमत आहे. चार महिन्यांच्या आत उरोस्थी आणि कूर्चा लवचीक असतात आणि बाहेरून लावलेल्या स्प्लिंटच्या (आधारासाठीच्या कडक साच्याच्या) ओढीने जागेवर येतात. पुढे त्या कडक होत जातात आणि तोच उपाय लागू पडत नाही. म्हणून ज्या पिल्लाला दम लागतो, ज्याची वाढ खुंटली आहे किंवा ज्याचा खड्डा पिल्लू वाढेल तसा वाढतो आहे, त्याची शस्त्रक्रिया या मुदतीत उरकावी. सध्या त्रास नसलेल्या, पण मोजमापात तीव्र ठरलेल्या पिल्लाबाबतही प्रतीक्षेचा तोटा शस्त्रक्रियेच्या जोखमीइतकाच गंभीरपणे तोलावा.

भूल

या शस्त्रक्रियेत टाके घालण्यापेक्षा भूल हा अधिक नाजूक भाग आहे. लहान पिल्लाच्या शरीरात साखरेचा साठा नगण्य असतो, म्हणून मोठ्या मांजरासारखे रात्रभर उपाशी ठेवू नये; दूध पिणाऱ्या पिल्लाला एक-दोन तासांचा उपवास पुरतो, आणि रक्तातील साखर भुलीच्या आधी, दरम्यान व नंतर तपासावी. मुखपट्टीने काही मिनिटे ऑक्सिजन देऊन मगच भूल सुरू करावी, श्वासनलिकेत नळी लवकर टाकावी आणि श्वास हाताने किंवा यंत्राने द्यावा. हा श्वास देताना दाब कमी ठेवणे अत्यावश्यक आहे. दीर्घकाळ मिटलेली फुफ्फुसे एकदम जोराने फुगवली तर त्यांच्यात पाणी भरते, आणि ही गुंतागुंत छाती उत्तम सरळ झालेल्या पिल्लाचाही काही तासांत जीव घेऊ शकते. गरम पाण्याची गादी, कमीत कमी केस कापणे आणि कमीत कमी ओले करणे यांनी तापमान टिकवावे.

स्प्लिंट बसवणे

पद्धतीची कल्पना सोपी आहे: उरोस्थीला भोवतालून धाग्यांनी पकडायचे आणि ते धागे छातीबाहेरच्या कडक स्प्लिंटला बांधून उरोस्थी बाहेर ओढून धरायची. स्प्लिंट आधीच तयार ठेवावा. गरम पाण्यात मऊ होणारे वैद्यकीय प्लास्टिक किंवा फायबरग्लास घेऊन त्याला निरोगी छातीच्या तळासारखा इंग्रजी यू किंवा व्ही अक्षराचा आकार द्यावा, लांबी संपूर्ण उरोस्थी झाकेल इतकी ठेवावी, कडा घासून गुळगुळीत कराव्यात, आत गादी लावावी आणि मधोमध, उरोस्थीच्या रुंदीहून थोड्या जास्त अंतरावर, छिद्रांच्या दोन समांतर रांगा पाडाव्यात. हे काम पिल्लू भुलीखाली असताना करीत बसणे म्हणजे भुलीचा वेळ फुकट वाढवणे होय.

पिल्लाला उताणे ठेवून जागा निर्जंतुक केल्यावर जाड, न विरघळणारा एकसंध धागा, म्हणजे २-० किंवा त्याहून जाड नायलॉन अथवा पॉलिप्रॉपिलीन, मोठ्या वक्र सुईत घ्यावा. सुई उरोस्थीच्या एका बाजूने कातडीतून आत जाते, हाडाच्या आतल्या पृष्ठभागाला घासत पलीकडे जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते. सर्व धोका या अर्धवर्तुळात आहे. सुईचे टोक हाडापासून जरा सुटले तरी त्याच्या मागे हृदय आणि फुफ्फुस आहे, आणि उरोस्थीच्या दोन्ही कडांना लागून छातीच्या आतील रोहिण्या जातात. म्हणून टोक सतत हाडाला टेकलेले जाणवले पाहिजे, तशी जाणीव सुटली तर सुई पुढे न रेटता मागे घ्यावी, आणि हृदयाच्या ठोक्यांच्या पडद्यावर सहकाऱ्याची नजर सतत असावी. पहिला टाका पडला की त्याची दोन्ही टोके धरून उरोस्थी हलकेच वर उचलता येते, त्यामुळे हाड आणि हृदय यांच्यात जागा होते आणि पुढचे टाके आधीपेक्षा सुरक्षित जातात. खड्ड्याच्या तळाशी तसेच त्याच्या पुढे-मागे टाके घालावेत आणि सर्व टाके पडेपर्यंत एकही बांधू नये.

त्यानंतर धाग्यांची टोके स्प्लिंटच्या छिद्रांतून बाहेर काढून एकेक करून बांधावीत. धागे एका दमात पूर्ण ताणू नयेत; सर्व धागे थोडे थोडे ताणून उरोस्थी टप्प्याटप्प्याने बाहेर आणली तर मऊ हाडातून धागा कापत जाण्याची आणि फुफ्फुसे एकदम फुगण्याची, अशा दोन्ही जोखमी कमी होतात. शेवटी छातीत हवा शिरली आहे का ते पाहून, असल्यास सुईने ओढून काढावी आणि जागेवरच एक्स-रे काढून निर्देशांक पुन्हा मोजावेत.

पहिले २४ तास आणि पुढचे आठवडे

पहिली रात्र पिल्लू दवाखान्यात, ऑक्सिजनच्या पेटीत असावे. श्वासाची गती दर अर्ध्या तासाने लिहावी. ती चढत गेली तर हवा, रक्तस्राव किंवा फुफ्फुसातील पाणी यांचा विचार करून लगेच एक्स-रे घ्यावा. वेदनाशामक नियमित द्यावे, कारण दुखणारे पिल्लू उथळ श्वास घेते. येथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा: पॅरासिटामॉल मांजरांसाठी प्राणघातक आहे, अगदी अल्प मात्रेतही, आणि घरातली कोणतीही माणसांची वेदनाशामक गोळी पिल्लाला देऊ नये. शुद्धीवर येताच थोडे थोडे दूध किंवा मऊ खाद्य सुरू करावे.

घरी आल्यावर पिल्लाला स्वतंत्र, लहान आणि उंच उडीला वाव नसलेल्या जागेत ठेवावे. भावंडांना ते पाहता-हुंगता यावे, पण धाग्यांशी खेळता येऊ नये. रोज चांगल्या उजेडात स्प्लिंटच्या कडेने पाहावे. प्रत्येक धागा जिथे कातडीत शिरतो तिथे पातळ, कोरडी खपली असणे साहजिक आहे. खपलीभोवती ओल, दुर्गंधी, पू किंवा वाढती सूज दिसणे साहजिक नाही. स्प्लिंटखाली दूध किंवा लघवी मुरली तर कातडी सोलवटते, म्हणून गादी ओली झाल्यास त्याच दिवशी बदलून घ्यावी. एखादा धागा सैल वाटला तर स्वतः न ओढता डॉक्टरांकडून पुन्हा बांधून घ्यावा. झोपेतला श्वास मिनिटाला ४० च्या वर सातत्याने जाणे, खाणे सोडणे, हिरड्या फिकट किंवा निळसर होणे यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

स्प्लिंट साधारण दोन ते चार आठवडे ठेवतात. कमी वयाच्या पिल्लात कमी काळ पुरतो. काढल्यावर उरोस्थी थोडी मागे जाते, ते अपेक्षित असते. निर्देशांक निरोगी मर्यादेत परत येण्यापेक्षा पिल्लू न दमता खेळू लागणे हे यशाचे खरे लक्षण मानावे. टाक्यांच्या जागेवरच्या जखमा काही दिवसांत भरतात. त्यानंतर दर महिन्याला वजन आणि श्वास तपासावा आणि वाढ पूर्ण झाल्यावर शेवटचा एक्स-रे काढावा.

मुदत उलटलेले मांजर आणि इतर विकृती

हाडे कडक झालेल्या मांजराला त्रास होत असेल तर बाहेरचा स्प्लिंट एकटा पुरत नाही. अशा वेळी उरोस्थी उघडून ती कापून सरळ करणे, तिचा काही भाग काढणे किंवा तिला प्लेट अथवा पिनचा अंतर्गत आधार देणे असे पर्याय असतात. ही कामे छातीच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या शल्यचिकित्सकाकडेच करून घ्यावीत.

पक्ष्याच्या छातीसारखी पुढे आलेली उरोस्थी स्वतः क्वचितच त्रास देते, पण तिच्यासोबत हृदयदोष असू शकतो, म्हणून हृदयाची सोनोग्राफी करावी. उरोस्थी मधोमध दुभंगलेली असेल तर पोटाच्या मधल्या रेषेतील हर्निया आणि श्वासपटलातून पोटातील अवयव हृदयावरणात शिरणे हेही शोधावे. हा शेवटचा दोष छाती बाहेरून अगदी निरोगी दिसत असतानाही असू शकतो, लांब केसांच्या मांजरांत तो अधिक आढळतो आणि कित्येकदा म्हातारपणी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेवर सापडतो.

प्रजनन आणि पुढची भूल

विकृती असलेले मांजर, बरे झालेले असले तरी, प्रजननासाठी वापरू नये, आणि ज्या जोडीला असे पिल्लू झाले ती जोडी पुन्हा लावू नये. ब्रीडरने प्रत्येक पिल्लाचे जन्मवजन, छाती सपाट दिसू लागल्याचा दिवस आणि आई-वडिलांची नोंद ठेवावी. एका वंशात दुसरे पिल्लू आले तर त्या नोंदींवरूनच निर्णय घेता येतो. नसबंदीसाठी मांजर नेताना छातीचा इतिहास आणि जुने एक्स-रे सोबत न्यावेत, ताजा एक्स-रे आधी काढून घ्यावा आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर ते उताणे असताना श्वास यंत्राने किंवा हाताने देण्याची सोय आहे का, हे भूल देण्यापूर्वी विचारून घ्यावे.